लाटांवरचे स्वार आणि मतपेटी

निवडणुकीचे राजकारण मतदारगटांच्या भाषेत मांडण्याची सवय आपल्याला लागून फार काळ लोटला आहे. जात, धर्म, पीक, पगार, पेन्शन यांचे मतदारगट आपण ओळखतो. कांद्याचा भाव पडला की नाशिककडच्या उमेदवाराची झोप उडते आणि तो चढला की शहरातल्या सत्ताधाऱ्यांची. १९९८ साली दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याने काय केले, ते वयस्कर वाचकांना आठवत असेल. या साऱ्या गटांचा संबंध कोठे ना कोठे पोटापाण्याशी किंवा अस्मितेशी असतो. परंतु केवळ एका छंदापायी एकत्र आलेली माणसे निवडणुकीचे पारडे फिरवू शकतील काय? आणि तो छंदही असा, की ज्याला मैदान नाही, संघ नाही, तिकीट लावून पाहणारा प्रेक्षकही बहुधा नाही. लांबट फळीवर उभे राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून किनाऱ्याकडे घसरत यावयाचे, त्या सर्फिंगच्या नादी लागलेल्यांविषयी हा प्रश्न आहे. आपल्याकडे तो विनोदी वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या एका पंतप्रधानांना तो विनोदी वाटला नव्हता.

सिडनीपासून उत्तरेकडे न्यूकॅसलपर्यंतच्या किनाऱ्यासमोर समुद्रातील सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात नैसर्गिक वायूचा शोध घेण्याचा एक परवाना होता. सरकारी कागदपत्रांत त्याचे नाव पीईपी-११. हा सारा किनारा लाटांसाठी प्रसिद्ध. १९६४ साली सर्फिंगची पहिली जागतिक स्पर्धा भरली ती याच पट्ट्यातील मॅनली या उपनगरात. परवान्याची मुदत वाढवून देण्याचा अर्ज सरकारपुढे आला, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावागावांतून विरोध उठला. सर्फर त्यात आघाडीवर होते. त्यांच्या मागोमाग जीवरक्षक मंडळे, स्थानिक नगरपरिषदा आणि समुद्राकाठी घर असलेले सामान्य गृहस्थही आले. खाणमंत्री कीथ पिट यांचा कल परवान्याच्या बाजूने होता. तथापि १६ डिसेंबर २०२१ रोजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी स्वतः जाहीर केले, की हा अर्ज फेटाळण्यात येत आहे. सार्वत्रिक निवडणूक अवघ्या पाच महिन्यांवर आली होती आणि किनाऱ्यावरच्या अनेक जागा त्यांच्या पक्षाच्या ताब्यात होत्या.

मंत्र्याच्या खात्यातील निर्णय पंतप्रधानांनी कसा घेतला, याचा उलगडा पुढील ऑगस्टमध्ये झाला. मॉरिसन यांनी गव्हर्नर-जनरलकडून स्वतःची आणखी पाच खात्यांवर गुपचूप नेमणूक करून घेतली होती, आणि त्यांपैकी एका खात्यात खाण व ऊर्जा संसाधनांचा कारभार होता. त्या जादा अधिकारांचा प्रत्यक्ष निर्णयासाठी वापर त्यांनी केला तो या एकाच प्रकरणी. आरोग्य, अर्थ, गृह ही खाती हाती असताना लाटांच्या किनाऱ्यासाठी मात्र ही गुप्त तलवार म्यानातून निघावी, हे विलक्षण आहे. मतदारांचा धाक म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भागच अधिक उद्बोधक आहे. मे २०२२च्या निवडणुकीत त्याच किनाऱ्यावरची मॅकेलर ही मॉरिसन यांच्या पक्षाची हक्काची जागा सोफी स्कॅम्प्स या डॉक्टरबाईंनी अपक्ष म्हणून जिंकली. मागणी मान्य झाली आणि जागाही गेली. म्हणजे सर्फरांनी निवडणूक फिरविली, असे म्हणावे तर त्यांना हवे ते देणारा पक्ष हरला. फिरविली नाही म्हणावे तर पंतप्रधानांनी एवढा खटाटोप केला कशासाठी? पुढे तो निर्णय न्यायालयातही टिकला नाही. निर्णय घेणाऱ्याने आधीच मन बनविले होते, असे दिसून येत असल्याच्या कारणावरून फेब्रुवारी २०२३मध्ये तो रद्द झाला. अर्ज पुन्हा विचारासाठी आला आणि जानेवारी २०२५मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने रीतसर पद्धतीने तो पुन्हा फेटाळला. दोन परस्परविरोधी पक्षांची दोन सरकारे, एक वाकड्या मार्गाने आणि एक सरळ मार्गाने, एकाच निष्कर्षाला आली.

सर्फरांची शक्ती मतमोजणीच्या तक्त्यात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही, असे माझे मत याच प्रकरणाने बनविले.

शेजारच्याच वॉरिंगा मतदारसंघाचे उदाहरण पाहा. तेथील प्रतिनिधी टोनी अ‍ॅबट २०१३ ते २०१५ या काळात देशाचे पंतप्रधान होते. ते स्वतः सर्फर, शिवाय किनाऱ्यावरच्या जीवरक्षक मंडळाचे स्वयंसेवक. फळी काखेत घेऊन समुद्रातून बाहेर येणारे अ‍ॅबट वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना पाठ झाले होते. मतदार आपल्यासारख्यालाच मत देतो, हा सिद्धान्त खरा असता तर त्यांना वॉरिंगात मरण नव्हते. १९९४पासून त्यांच्याकडे असलेली ती जागा २०१९ साली झाली स्टेगल या अपक्ष उमेदवाराने जिंकली. स्टेगल ऑलिंपिक पदकविजेत्या खऱ्या, पण बर्फावरच्या स्कीइंगमधल्या. हवामानबदलाविषयी अ‍ॅबट यांची भूमिका तेथील मतदारांना पटेनाशी झाली होती आणि बर्फावरून आलेल्या बाईंनी लाटेवरच्या गृहस्थांना सुमारे ५७ टक्के मते मिळवून घरी बसविले.

क्वीन्सलँडमध्ये १९७८चे जगज्जेते सर्फर वेन बार्थोलोम्यू २०२० साली मजूर पक्षातर्फे बर्ली मतदारसंघातून उभे राहिले. पक्षाला राज्यात सत्ता मिळाली, त्यांना जागा मिळाली नाही. हवाईमध्ये १९६८चे जगज्जेते फ्रेड हेमिंग्ज रिपब्लिकन पक्षाकडून आमदार झाले खरे, परंतु १९९० साली गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पराभूत झाले. कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्याचे डेना रोराबॅकर हे तर अमेरिकन प्रतिनिधिगृहातील एके काळचे प्रसिद्ध सर्फर, आणि कट्टर उजवे. मजूर पक्ष, रिपब्लिकन, कट्टर उजवे, सारेच एका लाटेवर. समुद्रावरचे प्रेम माणसाला कोणत्या पक्षात नेईल, याचा काही नेम नाही. ज्या गटाचे एकगठ्ठा मतदान नाही त्याला मतदारगट म्हणणे हे शब्दाचे सैल वापरणे झाले.

मग पंतप्रधानांना धाक कशाचा वाटला? येथे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने आपल्या वर्गातील दोन-तीन नावे काढली तर वाचकांनी राग मानू नये. अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली मांडलेल्या विवेचनानुसार पक्ष मध्यावरच्या मतदाराच्या मागे धावतात. त्या हिशेबात मूठभर छांदिष्टांना स्थान नाही. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली उलट बाजू दाखविली. ज्याचा लाभ सर्वांना थोडाथोडा होतो त्यासाठी कोणीच धडपडत नाही, प्रत्येकजण दुसऱ्याने करावे म्हणून थांबतो. आणि ज्याचा लाभ थोड्यांना पुष्कळ होतो त्यासाठी ते थोडे जिवाचे रान करतात. दुसऱ्याच्या श्रमावर फुकट लाभ घेणाऱ्याला अर्थशास्त्रात ‘फ्री रायडर’, म्हणजे फुकटचा स्वार म्हणतात. गंमत अशी, की जो शब्दशः स्वार आहे तोच या कथेत फुकट्या नाही. स्वच्छ समुद्राचा लाभ वाळूत खेळणाऱ्या पोरापासून मासे खाणाऱ्यापर्यंत सर्वांना होतो, पण त्यासाठी सभेला जाऊन बसतो तो सर्फर. आठवड्यातील पाच-सहा सकाळी ज्याच्या नाकातोंडात ते पाणी जाते, त्याला बाकीच्यांसारखे थांबता येत नाही.

तिसरे नाव अल्बर्ट हर्शमन यांचे. १९७० साली त्यांनी असे मांडले, की एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. दुकान वाईट निघाले तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. तक्रार करीत बसत नाही. परंतु लाटेला दुसरे दुकान नसते. चांगली लाट कोठेही फुटत नाही. समुद्रतळाचा उतार, खडक, नदीने आणून टाकलेले गोटे, वाऱ्याची दिशा यांच्या विशिष्ट मेळातून ती एका ठराविक जागी तयार होते. तो मेळ बिघडला की ती लाट संपली. तिची भरपाई पाच मैलांवर करता येत नाही. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला ओरडावेच लागते. सर्फरांच्या राजकीय चिकाटीचे मूळ या साध्या भूगोलात आहे, असे मला वाटते.

कॅलिफोर्नियातील लोकांनी हा धडा १९६६ साली घेतला. डेना पॉइंट येथे बंदराचा बांध पडला आणि ‘किलर डेना’ नावाने गाजलेली लाट कायमची नाहीशी झाली. त्या वेळी कोणी फारसे बोलले नाही. तेथून जवळच सॅन क्लेमेंटेच्या दक्षिणेस ट्रेसल्स नावाचा किनारा आहे. सॅन मातेओ नावाचा ओढा डोंगरातून गोटे वाहून आणतो, ते समुद्रात पसरतात आणि त्यांच्यावर जी लाट फुटते तिची गणना अमेरिकेतील उत्तम लाटांत होते. लष्कराच्या जमिनीतून १९७१ साली येथे राज्याचे उद्यान झाले. अध्यक्ष निक्सन यांचे घर शेजारीच होते. याच उद्यानातून, ओढ्याच्या खोऱ्यातून, सुमारे १६ मैलांचा टोलरस्ता नेण्याची योजना पुढे आली. रस्त्यामुळे डोंगरउतार बदलतील, गोट्यांचा व गाळाचा पुरवठा बदलेल आणि लाट बिघडेल, असा युक्तिवाद विरोधकांनी केला. एखाद्या लाटेच्या बचावासाठी गाळाचे शास्त्र मांडले गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

६ फेब्रुवारी २००८ रोजी डेल मार येथील जत्रेच्या मैदानावर कॅलिफोर्निया किनारा आयोगाने सुनावणी ठेवली. काही हजार माणसे आली. सुनावणी सकाळी सुरू झाली ती रात्री उशिरापर्यंत चालली, आणि आयोगाने आठ विरुद्ध दोन मतांनी रस्ता नामंजूर केला. गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर रस्त्याच्या बाजूचे होते. उद्यान आयोगावर असलेले त्यांचे मेहुणे बॉबी श्रायव्हर आणि नट क्लिंट ईस्टवूड हे दोघे विरोधात होते. त्या मार्चमध्ये दोघांचीही फेरनेमणूक झाली नाही. रस्तेवाल्यांनी वॉशिंग्टनला दाद मागितली. बुश सरकारच्या वाणिज्य खात्यानेही डिसेंबर २००८मध्ये आयोगाचाच निर्णय कायम ठेवला. २०१६ साली तडजोड होऊन त्या खोऱ्यातून रस्ता न नेण्याचे ठरले.

यात एकही निवडणूक नव्हती, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. जो आयोग १९७२ साली जनमताच्या कौलाने निर्माण झाला, त्याच्यासमोर नागरिकाला उभे राहून बोलण्याचा हक्क आहे, आणि ज्याला बोलण्याची तळमळ अधिक तो बोलतो. ऑल्सन यांचा सिद्धान्त जणू मैदानावर मांडून ठेवला होता. पण त्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. जवळच्या महामार्गावर रोज गाड्यांच्या रांगेत ताटकळणारे लाखो लोक त्या मैदानावर आले नव्हते. त्यांना दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटे वाचविणारा रस्ता हवा असेल, पण एवढ्याशा लाभासाठी रजा काढून सुनावणीला कोण जातो? रस्ता व्हावयास हवा होता, असे मी म्हणत नाही. एका ओढ्याच्या गोट्यांपुढे रहदारी हरली ती योग्यच, असे माझे मत आहे. परंतु सभेत आलेली माणसे आणि समाज यांच्यात अंतर असते, हे अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने तरी डोळ्यांआड करू नये.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट नावाच्या विशाल उपसागरात किनाऱ्यापासून पावणेचारशे किलोमीटर आत, दोन किलोमीटरहून खोल पाण्यात, इक्विनॉर ही नॉर्वेची कंपनी तेलविहीर खणणार होती. तेल सांडलेच तर ते देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर किती दूरवर पोहोचू शकेल, याचे सर्वांत वाईट परिस्थितीचे नकाशे लोकांच्या हाती आले. २०१९ साली गावोगावी सर्फर फळ्यांवर बसून समुद्रात गेले आणि वर्तुळ करून बसले. हा विधी मुळात मृत सोबत्याला निरोप देण्याचा. तो येथे निषेधाचा झाला. ज्या टॉर्की गावात सर्फिंगच्या कपड्यांच्या व साहित्याच्या नामांकित कंपन्या जन्माला आल्या, तेथे तर छंद आणि रोजगार यांच्यातील सीमारेषाच पुसली गेली आहे. त्या मतदारसंघात, कोरँगमाइटमध्ये, या आंदोलनातील डेमियन कोल अपक्ष उभे राहिले. अर्थातच हरले. पण त्याच निवडणुकीच्या प्रचारात दोन्ही मोठ्या पक्षांना या विहिरीबद्दल काही ना काही वचन द्यावे लागले. एकाने स्वतंत्र तपासणीचे दिले, दुसऱ्याने संभाव्य तेलगळतीच्या परिणामांच्या अभ्यासाचे.

ऑस्ट्रेलियात १९२४पासून संघीय निवडणुकीत मतदान सक्तीचे आहे आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. या दोन नियमांचे महत्त्व येथे कळते. हरणाऱ्या उमेदवाराची मते वाया जात नाहीत. ती दुसऱ्या पसंतीने वाहत जातात, म्हणून छोट्या गटाचीही मनधरणी करावी लागते. आपल्या पद्धतीत तोच गट ‘मते खाणारा’ ठरला असता. पुढे डिसेंबर २०१९मध्ये नियामक संस्थेने विहिरीला मंजुरीही दिली. आणि फेब्रुवारी २०२०मध्ये कंपनीने, हे काम व्यापारीदृष्ट्या परवडणारे नाही, असे कारण देऊन माघार घेतली. तिच्या आधी बीपी आणि शेव्हरॉन याही कंपन्या तेथून निघून गेल्या होत्या. सर्फरांनी विजयोत्सव केला. तो करण्याचा त्यांना हक्क होता, पण तेलाचा भाव, खोल पाण्यातील खर्च आणि न्यायालयात दाखल झालेला दावा यांचा वाटा किती आणि वर्तुळ करून बसलेल्यांचा किती, ही वाटणी कोणाला करता येईल असे मला वाटत नाही. एवढे खरे, की विरोधामुळे होणारा विलंब हाही कंपनीच्या हिशेबात खर्चच असतो.

इंग्लंडमधील हकीकत मात्र निराळी आहे, आणि अध्यापक, कारकून, विद्यार्थी यांना अधिक जवळची वाटावी अशी आहे. कारण तिच्यात जिद्दीइतकेच महत्त्व आकड्यांना आहे. युरोपीय समुदायाने १९७६ साली स्नानाच्या पाण्याविषयी नियम केले, तेव्हा ब्रिटनने स्नानयोग्य म्हणून नोंदविले ते केवळ २७ किनारे. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या देशाची यादी समुद्रच नसलेल्या लक्झेंबर्गच्या यादीपेक्षा लहान होती. ब्रायटन आणि ब्लॅकपूलसारखी सुप्रसिद्ध ठिकाणेही तीत नव्हती. जेथे स्नान होते असे मान्यच केले नाही, तेथे पाणी तपासण्याचा प्रश्न उरत नाही. कारकुनी चातुर्याचा हा नमुना आपल्याकडच्या कचेऱ्यांनाही मान खाली घालायला लावील. १९८९ साली पाणीपुरवठा व सांडपाण्याची व्यवस्था खासगी कंपन्यांकडे गेली. लगेच १९९० साली कॉर्नवॉलमधील सेंट अ‍ॅग्नेस व पोर्थटोवन या गावांतील काही सर्फरांनी ‘सर्फर्स अगेन्स्ट स्यूएज’ ही संघटना काढली. घाणीतून पोहून कानाघशाचे विकार होतात, ही त्यांची साधी तक्रार. अंगात रबरी पोशाख आणि तोंडावर वायूचा मुखवटा, अशा वेशात ते संसदेसमोर जाऊ लागले. लोक हसले, पण छायाचित्रे छापून आली.

पुढची तीस वर्षे त्यांनी काय केले, तर मोजले, आणि इतरांना मोजायला भाग पाडले. जुन्या शहरांत पावसाचे पाणी व मैला एकाच नळातून वाहतो. नळ भरला की जादा पाणी नदीत किंवा समुद्रात सोडण्याची वाट ठेवलेली असते. ती केवळ अतिवृष्टीसाठी, असे कंपन्या सांगत. ती किती वेळा उघडते, हे कोणास ठाऊक नव्हते. २०२३च्या अखेरीपर्यंत इंग्लंडमधील सर्व वाटांवर मोजणीयंत्रे बसली आणि त्या एका वर्षाचा आकडा आला: ४,६४,०५६ वेळा, एकूण ३६ लाखांहून अधिक तास. आता ही तक्रार मूठभर छांदिष्टांची राहिली नव्हती. त्याआधीच, ऑक्टोबर २०२१मध्ये, कंपन्यांवर अधिक कडक बंधन घालणारी वरिष्ठ सभागृहातील दुरुस्ती हुजूर पक्षाच्या खासदारांनी फेटाळली, तेव्हा एवढा गहजब झाला होता की सरकारला काही दिवसांत अर्धीअधिक माघार घ्यावी लागली होती. कोणी कसे मत दिले, याच्या याद्या मतदारसंघांतून फिरल्या.

जुलै २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीत सांडपाणी हा प्रचाराचा उघड मुद्दा होता. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने तो सर्वांत मोठ्याने मांडला. त्यांचे नेते एड डेव्ही छायाचित्रकारांसमोर विंडरमिअर तलावात फळीवरून पडलेही. पक्षाला ७२ जागा मिळाल्या. कॉर्नवॉलच्या सहाही जागा २०१९ साली हुजूर पक्षाकडे होत्या. २०२४ साली त्यांतील एकही उरली नाही, चार मजूर पक्षाकडे आणि दोन लिबरल डेमोक्रॅटांकडे गेल्या. हा सर्फरांचा पराक्रम म्हणावा काय? हुजूर पक्ष त्या वर्षी देशभर कोसळला, महागाई आणि रुग्णालयांतील रांगा यांनी तो आधीच पोखरला होता. कॉर्नवॉलमध्ये समुद्र नसता तरी बहुतेक जागा गेल्याच असत्या. सर्फरांनी जे साधले ते असे: सांडपाणी हा शब्द सभ्य राजकारणाच्या भाषणात आला, आणि २०२५ साली पाणीकंपन्यांच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरणारा कायदाही झाला. मतदाराने कोणाला मत द्यावे, हे त्यांना ठरविता आले नाही. उमेदवाराला दारावर कोणता प्रश्न विचारावा, हे मात्र त्यांनी ठरविले.

या मंडळींचे फार गुणगान करण्याचेही कारण नाही. अनेक ठिकाणी स्थानिक सर्फर बाहेरच्या सर्फराला लाटेवर येऊ देत नाहीत. धक्काबुक्कीपर्यंत मजल जाते. सार्वजनिक समुद्रावर खासगी मालकी सांगणारी ही वृत्ती आणि किनाऱ्यावर कुंपण घालणारी श्रीमंतांची वृत्ती यांत फरक कितीसा? तरीही न्यायाने सांगावे लागते, की कुंपण पडले तेव्हा लढायला गेले तेच. पुण्यात जन्मलेले उद्योगपती विनोद खोसला यांनी कॅलिफोर्नियातील मार्टिन्स बीचची जमीन विकत घेतली आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे फाटक २०१०मध्ये बंद झाले. सर्फरायडर फाउंडेशन या संघटनेने दावा लावला, तो जिंकला आणि २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जेथे लाट चांगली नाही, जेथे कोणी खेळायला उतरत नाही, त्या काळ्या ओढ्याला आणि गाळाने भरलेल्या खाडीला असा वकील मिळत नाही. तिच्या काठी राहणाऱ्यांना सकाळी सात वाजता कामावर जायचे असते.

या साऱ्याची कसोटी पाहायची तर अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरच्या इम्पीरियल बीच या सुमारे २६ हजार वस्तीच्या गावी जावे. मेक्सिकोतील तिहुआना शहराची घाण त्याच नावाच्या नदीतून सीमा ओलांडून येथे समुद्राला मिळते. १९८० साली गावचे तरुण महापौर ब्रायन बिल्ब्रे, स्वतः सर्फर, माती उपसण्याचे यंत्र घेऊन नदी अडवायला निघाले. पुढे रिपब्लिकन पक्षाकडून ते अमेरिकन प्रतिनिधिगृहात गेले. घाण येतच राहिली. २०१४ साली सर्फर आणि ‘वाइल्डकोस्ट’ या पर्यावरणसंस्थेचे संस्थापक सर्ज डेडिना महापौर झाले. सर्फर निवडणूक जिंकू शकतात काय, या प्रश्नाचे येथे सरळ उत्तर मिळाले. त्यांच्या काळात गावाने शेजारच्या शहराला बरोबर घेऊन २०१८ साली सीमाजलव्यवस्था पाहणाऱ्या संघीय यंत्रणेवर दावा लावला. २०२०मध्ये अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातील व्यापारकराराच्या कायद्यात सीमेवरच्या सांडपाण्यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद झाली. पण प्रकल्प संघ सरकारचा, नदी दोन देशांची, आणि महापौराची सत्ता गावाच्या वेशीपर्यंत. डेडिना यांनी २०२२च्या अखेरीस पद सोडले, तेव्हा गावाचा किनारा सलग एक वर्ष पाण्यात उतरण्यास बंद होता, आणि पुढे ही बंदी हजार दिवसांच्याही पलीकडे गेली.

त्यांच्यानंतर महापौर झालेल्या पलोमा आगीरे याही त्याच संस्थेत काम केलेल्या, आणि फळीवर पालथे पडून लाटेवरून येण्याच्या खेळातल्या. जुलै २०२५मध्ये सॅन डिएगो परगण्याच्या मंडळावरील एका जागेसाठी झालेली पोटनिवडणूक त्यांनी याच सांडपाण्याच्या प्रश्नावर लढविली, आणि शेजारच्या मोठ्या शहराच्या महापौरांना हरवून जिंकली. त्या मतदारसंघातील बहुसंख्य मतदार समुद्रापासून दूर राहतात. फळीला त्यांनी कधी हात लावला नसेल, पण नदीचा वास रात्री त्यांच्याही खिडकीतून येतो.